आधी हात, मग मोबाईल

‘बालभारती’च्या ‘परिसर अभ्यास’ पुस्तकात जागोजागी ‘करून पहा’ अशी चौकट भेटते. त्याच पुस्तकावर क्यूआर कोडही छापलेला असतो. मोबाईल त्यावर धरला की ‘दीक्षा’ या शैक्षणिक ॲपवरचं साहित्य उघडतं. विज्ञानाच्या तासाला प्राथमिकच्या शिक्षकापुढे नेमका इथेच पेच उभा राहतो. ‘करून पहा’ खरोखर करायला घेतलं तर सामान जमवा, गट पाडा, सांडलेलं पाणी पुसा आणि घंटा व्हायच्या आत सगळं आवरा. व्हिडिओ लावला तर पाच-दहा मिनिटांत काम होतं, वर्ग शांत बसतो, पाठ पुढे सरकतो. म्हणून पुष्कळ वर्गांत ‘करून पहा’ नुसतं वाचलं जातं आणि प्रयोग पडद्यावर दुसरंच कुणीतरी करतं.

खरं तर या दोन गोष्टींचं एकमेकींशी भांडण नाही. कुठली आधी आणि कुठली नंतर, एवढं ठरलं की दोन्ही एकाच तासात नांदतात. जिथपर्यंत मुलाचे डोळे, कान आणि हात पोचतात, तिथपर्यंत मोबाईल खिशात ठेवायचा. काही गोष्टी फार सावकाश घडतात, काही फार झटकन, काही फार बारीक असतात, काही डोळ्यांना दिसतच नाहीत आणि काही फार लांब असतात. तिथे इंद्रियं थकतात आणि तिथेच मोबाईल बाहेर काढायचा. हे प्रत्यक्ष वर्गात कसं जमवायचं, ते पाच छोट्या प्रकल्पांतून पाहू. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. शिक्षकाचा एक साधा मोबाईल आणि घराघरात सापडणारं सामान पुरतं.

हाताने शिकण्याची आपली परंपरा

ही वाट आपल्याकडे नवी नाही. १९७२ साली मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात १६ माध्यमिक शाळांपासून ‘होशंगाबाद विज्ञान’ कार्यक्रम सुरू झाला. सहावी ते आठवीची खेड्यातली मुलं साध्या सामानातून स्वतः प्रयोग करत, नोंदी ठेवत आणि त्या नोंदींवरून निष्कर्ष काढत. हा कार्यक्रम २००२पर्यंत चालला. पुण्यात टेल्कोमध्ये अभियंता असलेले अरविंद गुप्ता १९७८मध्ये या कामात सामील झाले आणि काड्यापेटीतल्या काड्या व सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब यांपासून त्यांचे काडी-मॉडेल जन्माला आले. पुढे बरीच वर्षे त्यांनी पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात कचऱ्यातून खेळणी करायला शिकवलं. २०१८मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मुंबईचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रही १९७४पासून शाळेतल्या विज्ञानावर काम करत आहे.

त्या काड्यांचंच एक उदाहरण घ्या. व्हॉल्व्ह ट्यूबचे दोन-दोन सेंटीमीटरचे तुकडे सांधे म्हणून वापरून चार काड्यांचा चौकोन करायचा. बोटाने कोपरा दाबला की चौकोन एका बाजूला कलतो. मग तीन काड्यांचा त्रिकोण करायचा. कितीही दाबला तरी तो आपला आकार सोडत नाही. आता मुलांना शाळेच्या पत्र्याच्या छपराखालची कैची, विजेचा मनोरा किंवा रेल्वेचा पूल पाहायला सांगा. त्रिकोण शोधताना त्यांना भान राहत नाही. या तासात मोबाईलला काहीही काम नाही. बोटांना जो ताठपणा जाणवला, तो कुठल्याही व्हिडिओतून कळणार नाही. कुठला धडा निव्वळ हातांचा आहे, हे ओळखणं हीही तंत्रज्ञान वापरण्याची पहिली पायरी आहे.

तासाचा क्रम

कुठलाही प्रकल्प घ्या, क्रम एकच ठेवायचा. आधी प्रश्न, मग अंदाज. अंदाज प्रत्येक मुलाने स्वतःच्या वहीत लिहायचा किंवा चित्रातून दाखवायचा. तोंडी अंदाज विचारला की वर्गातलं हुशार समजलं जाणारं एक मूल बोलतं आणि बाकीचे मान डोलावतात. लिहिलेल्या अंदाजाला मात्र प्रत्येकाला बांधील राहावं लागतं. त्यानंतर हाताने करून पाहायचं आणि जे दिसलं ते तसंच नोंदवायचं. मोबाईल यानंतर येतो. शेवटी पुन्हा अंदाजाकडे वळायचं: माझं काय बरोबर निघालं, काय चुकलं आणि आता मला काय वाटतं?

वहीचं पान उभं दुमडून तीन रकाने केले की पुरे: ‘मला काय वाटतं’, ‘काय दिसलं’, ‘आता काय वाटतं’. मधला आणि शेवटचा रकाना भरला म्हणून पहिला खोडू द्यायचा नाही, हा नियम पहिल्या दिवशीच सांगून टाकायचा.

सावकाश घडणारं: बी रुजताना

बी रुजताना कुणी ‘पाहत’ नाही. आज पेरलं आणि चार दिवसांनी कोंब दिसला, एवढंच आपण पाहतो. मधलं सगळं आपल्या नजरेतून सुटतं.

काचेचा किंवा पारदर्शक प्लॅस्टिकचा रुंद तोंडाचा डबा घ्या. आतल्या बाजूने टीपकागद किंवा जाड टिश्यू पेपर लावा आणि तो भिंतीला चिकटून राहावा म्हणून मधल्या जागेत ओला कापूस भरा. रात्रभर भिजवलेले वाल किंवा राजमा काच आणि कागद यांच्या मध्ये सरकवा. मटकीही रुजते, पण ती बारीक, लांबून नीट दिसत नाही. आता मुद्दाम एक बी आडवं ठेवा, एक उभं आणि एक उलटं. उलट्या बीचं मूळ कुठल्या दिशेला जाईल? अंदाज लिहायला लावा. बरीच मुलं लिहितात की मूळ वर येईल, कारण बीच उलटं आहे.

दिवसातून दोनदा मुलांनी पाहायचं, पट्टीने मूळ मोजायचं, चित्र काढायचं. दोन-तीन दिवसांत उलट्या बीचं मूळ बाहेर पडतं आणि वळसा घेऊन खाली जातं. तिथे मुलांना पहिला धक्का बसतो. दुसरा धक्का शिक्षकाने द्यायचा: मुळं दोन-तीन सेंटीमीटर झाली की डबा अलगद आडवा करून ठेवायचा. दुसऱ्या दिवशी खाली जाणारं मूळ काटकोनात वळलेलं दिसतं. बीला खालची दिशा कळते ती गुरुत्वाकर्षणामुळे, हे सांगायची वेळ आता आली. आधी सांगितलं असतं तर ते पाठांतर झालं असतं.

याच वेळी दुसरा डबा अंधाऱ्या कपाटात ठेवा. अंधारात बी रुजणारच नाही, असं बहुतेक मुलांना वाटतं. प्रत्यक्षात ते रुजतं, वर कोंबही उंच आणि लुकडा येतो, पण रंगाने फिका पिवळा असतो. ‘असे पिवळे कोंब कुठे पाहिलेत का?’ असं विचारलं की कुणीतरी नक्की म्हणतं, “बाई, आमच्या घटातले!” नवरात्रात देवघराच्या मंद उजेडात घटाभोवतीच्या मातीत पेरलेलं धान्य असंच पिवळसर उगवतं. रुजायला लागणारं अन्न बीतच साठवलेलं असतं. पानांना हिरवेपणा येण्यासाठी उजेड लागतो. मुलांच्या घरात दरवर्षी घडणारी गोष्ट अशी त्यांच्या विज्ञानाच्या वहीत येते.

आता मोबाईल. दोन विटांमध्ये तो पक्का बसवायचा, चार्जरला जोडायचा, मध्येच फोन येऊन काम तुटू नये म्हणून एअरप्लेन मोड लावायचा आणि टाइम-लॅप्सच्या ॲपवर दर दहा मिनिटांनी एक फोटो असं ठरवायचं. घरात पडून असलेला जुना मोबाईल या कामाला उत्तम. डब्यावर पडणारा उजेड शक्यतो सारखा ठेवायचा. खिडकीजवळ ठेवला तर ऊन-सावलीने चित्र सारखं लुकलुकतं. तासाला सहा म्हणजे दिवसाला १४४ फोटो होतात, पाच दिवसांत ७२०. सेकंदाला २४ या वेगाने ते दाखवले की पाच दिवस बरोबर अर्ध्या मिनिटात पाहून होतात. हा हिशेबही मुलांनाच करू द्या; गुणाकार-भागाकाराला याहून चांगलं कारण मिळणार नाही.

त्या अर्ध्या मिनिटात मुलांना अशी गोष्ट दिसते जी दिवसातून दोनदा पाहून दिसली नव्हती. कोंब सरळ वर जात नाही. डोलत, गोल फिरत वर चढतो. चार्ल्स डार्विनने आपला मुलगा फ्रान्सिस याच्यासह रोपांची हीच हालचाल काचेवर ठिपके मांडत टिपली आणि १८८० साली त्यावर पुस्तक लिहिलं. जगदीशचंद्र बोस यांनी तर क्रेस्कोग्राफ नावाचं यंत्र बनवून वनस्पतीची वाढ दहा हजार पट मोठी करून दाखवली. ज्यासाठी डार्विनला काचेसमोर तासन् तास बसावं लागलं, ते आज जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या टेबलावर होऊ शकतं. फरक एवढाच की आपल्या मुलांनी आधी पट्टीने मोजलेलं असायला हवं. नाहीतर तो नुसता देखणा व्हिडिओ राहतो.

एखाद्या डब्यात बुरशी येईल. तो टाकून द्यायची घाई नको. झाकण लावून बाजूला ठेवा आणि पुढचा प्रश्न लिहा: याच डब्यात का आली? पाणी जास्त झालं की बी जुनं होतं? हाच पुढच्या आठवड्याचा प्रकल्प.

बारीक असणारं: मिठाचा दाणा आणि डबक्याचं पाणी

पारदर्शक प्लॅस्टिकच्या पट्टीवर पाण्याचा एक छोटा थेंब ठेवा आणि ती पट्टी वर्तमानपत्राच्या बारीक अक्षरांवर थोडी उंच धरा. अक्षर मोठं दिसतं. मोठा, पसरट थेंब घेतला तर कमी मोठं दिसतं; छोटा, गोल थेंब घेतला तर जास्त. जितका छोटा आणि गोल, तितका अधिक मोठं दाखवणारा, हे मुलं स्वतः थेंब बदलत शोधून काढतात.

सूक्ष्मदर्शकाचा गाभा त्यांनी इथे हाताने गाठलेला असतो. हॉलंडमधला कापडाचा व्यापारी लेवेनहूक याने असंच एकच इवलंसं भिंग वापरून १६७४ साली तळ्याच्या पाण्यातले हलणारे जीव पाहिले. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मनु प्रकाश यांच्या गटाने २०१४मध्ये जगापुढे आणलेला फोल्डस्कोप हा कागदाची घडी घालून बनणारा सूक्ष्मदर्शकही याच तत्त्वावर चालतो. त्यातल्या मण्याएवढ्या भिंगाने वस्तू सुमारे १४० पट मोठी दिसते.

शाळेत फोल्डस्कोप असेल तर सुरुवात डबक्याच्या पाण्याने करू नका, स्वयंपाकघरापासून करा. मीठ आणि साखर शेजारी शेजारी ठेवा. मिठाचे दाणे ठोकळ्यांसारखे चौकोनी निघतात, हे पाहून मुलं थक्क होतात. रोज खाल्लेल्या गोष्टीला आकार आहे हे त्यांना माहीत नसतं. मग कांद्याच्या पाकळीच्या आतला पातळ पापुद्रा घ्या. त्यात पेशी ओळीने रचलेल्या दिसतात. डबक्याचं पाणी त्यानंतर. वाळलेलं गवत चार-पाच दिवस त्या पाण्यात भिजत ठेवलं तर हलणारे जीव भरपूर सापडतात. हात साबणाने धुवायला मात्र विसरायचं नाही.

सूक्ष्मदर्शकाची वर्गातली खरी अडचण निराळी असते. डोळा लावलेल्या मुलाला काय दिसतंय, हे शिक्षकाला कळत नाही. रांगेत मागे उभी असलेली मुलं घाई करतात, म्हणून पुढचं मूल “दिसलं, दिसलं” म्हणून सरकतं. पुष्कळदा त्याने हवेचा बुडबुडा पाहिलेला असतो किंवा स्वतःची पापणी. मोबाईलचा कॅमेरा फोल्डस्कोपला जोडला की पाच जणांचा गट एकच चित्र पाहतो आणि बोट दाखवून बोलू शकतो. काळ्या जाड कडेचं गोल वर्तुळ म्हणजे बुडबुडा, हे तिथल्या तिथे दाखवता येतं. तरीही प्रत्येकाने आधी डोळा लावून पाहायचं आणि चित्र काढायचं, फोटो त्यानंतर. चित्र काढताना जितकं बारकाईने पाहावं लागतं, तितकं फोटो काढताना पाहावं लागत नाही.

झटकन घडणारं: काय आधी पडेल?

हा प्रकल्प एका तासाचा. वही आणि कागदाचा सुटा ताव एकाच उंचीवरून सोडा. वही धपकन पडते, कागद तरंगत येतो. ‘जड म्हणून’, असं उत्तर येतं. आता तोच कागद चुरगळून बोळा करा. वजन तेच, पण बोळा जवळजवळ वहीबरोबरच पडतो. तिसऱ्या वेळी वहीपेक्षा लहान कापलेला कागद सपाट वहीवर ठेवून दोन्ही सोडा. कागद वहीला चिकटल्यासारखा सोबतच खाली येतो. हवा कागदाला अडवत होती आणि आता वही ती हवा बाजूला सारते, हे मुलांना बोलत बोलत सुचतं.

‘जवळजवळ बरोबर’ म्हणजे नक्की किती, यावर वर्गात वाद झाला पाहिजे. वाद झाला की मोबाईलचं स्लो-मोशन चित्रण काढा. सव्वा मीटर उंचीवरून पडायला अर्धा सेकंद लागतो. साध्या चित्रणात सेकंदाला ३० चित्रं, म्हणजे पडण्याची पंधराच. सेकंदाला २४० चित्रं घेणाऱ्या स्लो-मोशनमध्ये तीच १२० होतात. एकेक चित्र पुढे सरकवत मुलं स्वतः निवाडा करतात. इथे मोबाईल उत्तर सांगत नाही. मुलांच्या भांडणात साक्ष देतो.

न दिसणारं: वीज कुठून कुठे जाते?

एक सेल, टॉर्चचा एक छोटा बल्ब आणि वायरचा एकच तुकडा. बल्ब पेटवून दाखवा. आधी चित्र काढा, मग करा. बहुतेक चित्रांत वायर सेलच्या एका टोकापासून बल्बच्या बुडापर्यंत जाते आणि संपते. घरातल्या दिव्याला एकच वायर जाते असं मुलांना दिसतं, म्हणून हे साहजिक आहे. करून पाहिलं की बल्ब पेटत नाही. खटपट सुरू होते. कुणाच्या तरी हातून बल्बचं बूड सेलच्या वरच्या टोकावर टेकतं, वायर सेलच्या तळापासून बल्बच्या धातूच्या बाजूला लागते, आणि उजेड पडतो! बल्बलाही दोन जागा असतात, एक बुडाशी आणि एक बाजूला, आणि वाट पुरी गोल झाल्याशिवाय वीज वाहत नाही, हे त्या क्षणी बोटांत उतरतं.

मग वाट मध्ये तोडून तिथे खिळा, नाणं, खोडरबर, काडी, पेन्सिलचं शिसं ठेवून पाहायचं. शिशातून बल्ब मंद पेटतो. ‘हो’ आणि ‘नाही’ यांच्या मध्येही काही असतं, हे मुलांना इथे भेटतं. बाजारात छोटे बल्ब हल्ली कमी मिळतात. लाल एलईडी वापरायचा असेल तर दोन सेल आणि सोबत १०० ओहमचा रोध घ्या, आणि लांब पाय धन टोकाकडे ठेवा. उलटा लावला तर एलईडी पेटत नाही, हेही त्यांना शोधू द्या. एक गोष्ट मात्र निक्षून सांगायची: प्रयोग सेलवरच, भिंतीतल्या प्लगवर कधीही नाही. बटण-सेल लहान मुलांच्या हाती देऊ नयेत. ते गिळले जाण्याचा धोका असतो.

आता उरतो तो प्रश्न डोळ्यांच्या आवाक्याबाहेरचा आहे: वायरीच्या आत काय चाललंय? पुष्कळ मुलांना वाटतं की वीज सेलमधून निघते, बल्बमध्ये खर्च होते आणि संपते. यासाठी ‘फेट’चं सर्किट जोडण्याचं आभासी साधन फार उपयोगी आहे. भौतिकीचे नोबेल मिळालेले कार्ल वीमन यांनी २००२मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात हा उपक्रम सुरू केला. त्यातली बरीच साधनं मोफत आणि मराठीतूनही आहेत, आणि आधी उतरवून ठेवली तर इंटरनेटशिवाय चालतात. पडद्यावर जोडणी पूर्ण केली की सगळ्या वायरीतले कण एकाच वेळी सरकू लागतात, आणि बल्बच्या अलीकडे जेवढे, तेवढेच पलीकडेही. वाट तोडली की सगळीकडे एकदम थांबतात. वीज बल्बमध्ये ‘संपत’ नाही, हे असं दिसतं. शॉर्ट सर्किट केलं तर पडद्यावरच्या बॅटरीला आग लागते. प्रत्यक्षात जे करू द्यायचं नाही, ते इथे बिनधोक पाहता येतं.

पण पडद्यावर सांधा कधी सैल होत नाही, सेल कधी उतरत नाही, बल्बवर गंज चढत नाही. खऱ्या जोडणीत हे सगळं होतं आणि बिघाड कुठे आहे हे शोधण्यातच मूल विचार करायला शिकतं. म्हणून खरा बल्ब आधी, पडदा नंतर. हा क्रम उलटला की मुलांना खरा प्रयोग ‘बिघडलेला’ वाटू लागतो.

लांबचं: कोल्हापूरची सावली, नागपूरची सावली

शाळेच्या मैदानात एक मीटरची काठी ओळंब्याने सरळ उभी करा. साडेअकरापासून दर पाच-दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूने खूण करा. सावली आखडत जाते आणि मग पुन्हा लांबू लागते. सर्वांत आखूड सावली ती खरी माध्यान्ह. ती घड्याळाच्या बाराला येत नाही, हे पाहून मुलं आधी आपल्या खुणा तपासतात, मग घड्याळ. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरते आणि महाराष्ट्राचा बराचसा भाग त्याच्या बऱ्याच पश्चिमेला आहे, म्हणून सूर्य आपल्याकडे उशिरा माथ्यावर येतो. इथे एक नियम आधीच सांगून ठेवावा: सूर्याकडे थेट पाहायचं नाही, भिंगातून तर मुळीच नाही.

आता हे काम दोन गावांत करा, २० किंवा २१ मार्चला. दिवस-रात्र जवळपास समान असण्याचा हा दिवस. शाळा चालू असते आणि आकाश बहुधा निरभ्र असतं. एक शाळा कोल्हापूर भागातली, एक नागपूर भागातली. ओळखीच्या शिक्षकांचा व्हॉट्सॲप गट यासाठीच कामी येतो. काठी दोन्हीकडे एक मीटरचीच. माध्यान्ह नागपुरात सुमारे वीस मिनिटं आधी होते. तिथली आखूड सावली जवळपास ३९ सेंटीमीटर भरते, कोल्हापुरातली ३०. काठी तीच, दिवस तोच, सूर्य तोच. मग सावलीत नऊ सेंटीमीटरचा फरक का?

चौथी-पाचवीच्या मुलांना हा प्रश्न घेऊन मैदानात सोडा. एक मोठा चेंडू घ्या, त्यावर दोन टाचण्या टोचा आणि लांबून उन्हात धरा. सपाट पाटीवर टोचलेल्या दोन टाचण्यांच्या सावल्या सारख्या पडतात, चेंडूवरच्या वेगळ्या. जमीन गोल आहे, हे पुस्तकात वाचलेलं वाक्य आता त्यांनी खडूने आखलेल्या सावलीवरून सांगता येतं.

सातवी-आठवीच्या मुलांना आणखी पुढे जाता येईल. काठी आणि सावली प्रमाणात काढून कोनमापकाने सूर्यकिरणाचा काठीशी होणारा कोन मोजायचा. कोल्हापूरला तो पावणेसतरा अंशांच्या आसपास येतो, नागपूरला २१च्या किंचित वर. फरक साधारण साडेचार अंश. नकाशावर या दोन जागांमधलं सरळ उत्तर-दक्षिण अंतर मोजलं तर ते पाचशे किलोमीटरच्या जवळ भरतं. साडेचार अंशाला पाचशे, तर पूर्ण ३६० अंशांना किती? उत्तर ४०,००० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीचा घेर. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी एराटोस्थेनिसने इजिप्तमध्ये सायीनी आणि अलेक्झांड्रिया या दोन गावांवरून हेच केलं होतं. त्याला फरक वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाएवढा मिळाला. मुलांचा कोन एका अंशाने चुकला तर घेर हजारो किलोमीटरनी चुकतो. ते चुकू द्या. काठी तिरपी होती का, खूण उशिरा केली का, हे शोधताना मापनातली काटेकोरी कशासाठी हवी ते त्यांना कळतं.

या गणितात मोबाईलने काय केलं? फक्त दोन शाळा जोडल्या, तेही फोटो आणि एका आकड्याच्या संदेशाने. पण त्याशिवाय हा प्रयोग झालाच नसता. एका गावात बसून तो करता येत नाही.

मे महिन्यात याचाच सुटीतला पुढचा भाग होतो. सूर्य बरोबर डोक्यावर आला की सरळ उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाशीच राहते. हा शून्य सावलीचा दिवस पुण्यात १३-१४ मेच्या सुमारास येतो, नागपुरात २६ मेच्या. जुलै-ऑगस्टमध्ये तो पुन्हा येतो, पण तेव्हा ढग असतात. मामाच्या गावी गेलेल्या मुलांनी आपापल्या तारखेला बाटली किंवा डबा उभा करून फोटो पाठवले की नकाशावर तारखा मांडता येतात आणि सूर्य दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकताना दिसतो.

वर्ग सांभाळताना

पस्तीस मुलं आणि एक मोबाईल, हे गणित जमवायचं तर पाच-पाच मुलांचे गट करा आणि गटात कामं वाटा: सामान आणणं, प्रयोग करणं, नोंद घेणं, वेळ पाहणं, वर्गाला सांगणं. दर वेळी कामं बदलली पाहिजेत. न बदलल्यास वायर आणि मोबाईल मुलग्यांच्या हाती राहतो आणि मुली फक्त सुंदर अक्षरात नोंदी करत बसतात. हे आपोआप घडतं, म्हणून ते जाणीवपूर्वक मोडावं लागतं.

ॲप, व्हिडिओ, आभासी साधनं आदल्या दिवशीच उतरवून ठेवा. तासाला नेटवर्क येईल या भरवशावर राहू नका. फोटोत काठी, डबा, थेंब दिसू दे. मुलांचे चेहरे नकोत, आणि गटावर पाठवताना तर नकोतच.

गुण देताना वही पाहा. दुकानातून विकत आणलेला किंवा आई-बाबांनी रात्री जागून केलेला रंगीत नमुना प्रदर्शनात उठून दिसतो, पण त्यात मुलाचा विचार शोधून सापडत नाही. तीन रकान्यांतल्या वाकड्यातिकड्या नोंदीत तो सापडतो. पहिला अंदाज चुकला आणि तिसऱ्या रकान्यात ‘आता मला वाटतं की...’ असं कारणासह आलं, तर ते मूल शिकलं. त्याला पूर्ण गुण द्या.

सगळे पाच प्रकल्प एका वर्षात करायलाच हवेत असं नाही. एका सत्रात एक घ्या, पण अंदाजापासून शेवटच्या चर्चेपर्यंत पुरा करा. आज ना उद्या या मुलांच्या हाती स्वतःचा मोबाईल येणारच आहे आणि त्यावर खरं-खोटं सगळंच येईल. ज्या मुलाने याच मोबाईलने आपला अंदाज तपासला आणि तो चुकलेला पाहून कारण शोधलं, ते पडद्यावर दिसलेल्या गोष्टीला ‘हे कशावरून?’ असं विचारायला शिकलेलं असतं. ही सवय दहा-अकराव्या वर्षी लावता येते आणि ती लावणं आपल्या शाळांना आजही शक्य आहे.